न भरणारा खण

लखनौत दगड मिळत नाही. शोधून पाहा. चिनहटच्या रस्त्यावर कुत्रं अंगावर धावून आलं आणि तुम्ही खाली वाकलात, तर हाताला मातीचं ढेकूळ लागेल, फार तर विटेचा तुकडा. गोमतीच्या काठाने कितीही खोल खणा, वाळूखाली चिकणमाती आणि चिकणमातीखाली पुन्हा वाळू. अशा शहरात बसून कोकणातल्या समुद्राकाठचा एक कडा उभा राहील की कोसळेल, हे काही माणसं ठरवत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं सुनेत्रा म्हणायची. आणि त्या माणसांत आपणही आहोत म्हणून स्वतःवरच हसायची.

ती मूळची रत्नागिरीची. नवरा उल्हास बँकेत. त्याची बदली लखनौला झाली, जानकीपुरममध्ये घर झालं, मुलगी हिमानी इथल्याच शाळेत वाढली आणि आईच्या मराठीला हिंदीत उत्तरं देऊ लागली. सुनेत्रा खडकांचं शिकलेली. तिला एका सल्लागार कंपनीत काम मिळालं. कंपनीचं चकचकीत ऑफिस गोमतीनगरात होतं, पण सुनेत्राचा दिवस जायचा चिनहटच्या गोदामात. पूर्वी तिथे प्लायवूडचा कारखाना होता. पत्र्याचं छप्पर, दोन घरघरणारे कूलर, आणि भिंतींलगत लोखंडी रॅकवर रचलेल्या लाकडी पेट्या.

पेट्यांत खडक असायचे. पूल, बोगदा, रस्ता, काहीही बांधायचं म्हटलं की आधी जमिनीत भोक पाडून आतला खडक बाहेर काढतात. तो मनगटाएवढ्या जाडीच्या गोल कांड्यांमध्ये निघतो. जशा निघाल्या त्याच क्रमाने त्या पेटीच्या लांब खणांत ओळीने मांडायच्या. मध्येच कुठे खडक हाती लागला नाही, नुसती माती निघून पाण्याबरोबर वाहून गेली, तर तेवढी जागा मोकळी ठेवायची आणि तिथे लाल रंगाचा लाकडी ठोकळा बसवायचा. ठोकळा ही एक कबुली असते, की इथे काय आहे ते आमच्या हाती आलेलं नाही. नवी पेटी उघडली की सुनेत्रा खडकाकडे नंतर बघायची, आधी लाल ठोकळे मोजायची.

काळखडपच्या पेट्या एप्रिलअखेरीस आल्या. काळखडप म्हणजे सागरी महामार्गावरचं एक अवघड वळण. एका अंगाला सरळ उभा कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र. लहानपणी मामाकडे जाताना एसटी त्या वळणावर आली की गप्पिष्ट कंडक्टरसुद्धा गप्प व्हायचा, हे सुनेत्राला आठवत होतं. दरवर्षी तिथे दरड यायची, दरवर्षी कुणीतरी पाहणी करून जायचं. आता रस्ता रुंद होणार होता. मूळ आराखडा शहाण्या माणसाने केलेला होता. खाडीच्या तोंडावरून पूल काढून रस्ता कड्यापासून लांब न्यायचा, आणि उरलेल्या छोट्या भागात कड्याला पोलादी जाळ्या ठोकायच्या. काम सुरू झालं होतं. कंत्राटदाराचा साइट इंजिनियर होता धैर्यशील, सुनेत्राचा धाकटा भाऊ. तो आणि त्याची माणसं राहत होती पत्र्याच्या खोल्यांत, कड्याच्या अगदी पायाशी, कारण वाऱ्यापासून आडोसा तिथेच मिळत होता.

तिसऱ्या भोकाची पेटी उघडली आणि सुनेत्राचं मन धसकलं. वर काळा, घट्ट कातळ. खाली तसाच कातळ. मध्ये हातभर लांबीचा लाल ठोकळा. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना कांड्यांवर तांबडी, बुळबुळीत माती चिकटलेली.

"मैडम, यह तो साबुन जैसी है," नीलम बोट चोळत म्हणाली. नीलम तिची मदतनीस, माहेर मलिहाबादचं. पेट्या उघडणं, कांड्या पुसणं आणि फोटो काढणं ही तिची कामं.

सुनेत्राने त्याच दिवशी अहवाल लिहिला. कड्याच्या पोटात मातीचा थर आहे, वरचा सगळा कातळ त्याच्यावर टेकलेला आहे. जाळी सुटा दगड अडवते, घसरता डोंगर अडवत नाही. पूल हवाच. आणि कामगारांचा तळ आजच्या आज तिथून हलवा. शेवटच्या वाक्याखाली तिने रेघ ओढली.

तीन-चार दिवसांनी चारुदत्त सर स्वतः गोदामात आले. हे कंपनीचे संचालक, नागपूरचे, लखनौत निम्मं आयुष्य घालवलेले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि पेटीपाशी उभे राहिले.

"मॅडम, हा ठोकळा काय म्हणतोय?"

"आत माती आहे म्हणतोय, सर. मी लिहिलंय."

"वाचलं. म्हणून तर आलो. अहो, ड्रिलरने घाईत मशीन दामटली असेल, कांडी चुरडली. खडक सलग आहे तो."

"तुम्ही कडा पाहिलाय?"

"ड्रोनचा व्हिडिओ पाहिला ना यार." ते हसले. "हे बघा, वरून विचारणा झाली आहे, पूल कशाला हवा? जाळीत भागत असेल तर भागवा. सगळं तुमच्या या लाकडाच्या तुकड्यापाशी अडलंय."

"मग अडू दे, सर. खाली माणसं झोपतात."

चारुदत्तनी ठोकळा उचलला आणि काखेत मारला. खालची कांडी तळव्याने सरकवून वरच्या कांडीला भिडवली. खणाच्या शेवटी जागा रिकामी झाली तिथे पुढच्या खणातल्या कांड्या आणून बसवल्या. "झालं. भरला खण," ते म्हणाले. "नीलम, फोटो खींचो."

नीलमने सुनेत्राकडे पाहिलं, मग फोटो काढला. तिला घर चालवायचं होतं. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तो फोटो संध्याकाळपर्यंत कंपनीच्या नव्या अहवालात गेला. अहवालात लिहिलं होतं, सुनेत्रा यांच्या पाहणीनुसार खडक एकसंध आहे. तिचं नाव! न विचारता, न सांगता. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. चारुदत्तना फोन करून तिने सुनावलं, माझं नाव काढा. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, नाव कंपनीचं असतं. तुम्ही शांत व्हा, मट्ठा प्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी खण पुन्हा उघडा होता.

सुनेत्राला आधी वाटलं, नीलमने केलं. नीलमला वाटलं, मॅडमनी केलं.  कांड्या त्याच होत्या, चारुदत्तनी रचलेल्या क्रमानेच होत्या, फक्त त्या दोन एकमेकींपासून हातभर लांब गेल्या होत्या. त्यांच्या टोकांवरची माती ओली होती. बाहेर मे महिन्याची लू, तो अंग भाजणारा कोरडा वारा, वाहत होती, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, गोदामात ठेवलेली ओली फडकी घटकाभरात कडक व्हायची. सुनेत्राने बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. खारट लागलं.

"टेप दे," ती म्हणाली.

ती हिशेबी बाई होती. भुताखेतांच्या गोष्टी कानाआड करायचीही वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, त्या तिच्यापर्यंत पोचतच नसत. तिने एकेक कांडी मोजली, मग पोकळी मोजली, मग खण मोजला. पुन्हा मोजलं. कांड्या सगळ्या होत्या, एकही कमी नव्हती, आणि त्यांच्या लांबीची बेरीज खणाएवढी भरत होती. म्हणजे मीटरभर खणात मीटरभर कांड्या होत्या, आणि शिवाय हातभर पोकळी होती. खण कुठून फुगलेला नव्हता. कांडी कुठे बाहेर आलेली नव्हती.

"मैडम, डिब्बा तो उतना ही है," नीलम हळूच म्हणाली.

"दिसतंय मला."

"फिर?"

सुनेत्राने टेप गुंडाळून खिशात ठेवली.

चारुदत्तना कळलं तेव्हा ते तडक आले. सरळ सुनेत्रावर आरोप. ऑफिसच्या सामानाशी खेळ, कंपनीशी गद्दारी, काय काय. खण लबाडीने भरणारा माणूस तिला लबाड म्हणत होता. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. त्यांनी कांड्या पुन्हा भिडवल्या, सांध्यावर प्लास्टर थापलं, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःबरोबर नेली. सकाळी ते स्वतः कुलूप उघडायला आले. प्लास्टरचे दोन तुकडे झाले होते. ते बाजूला नीट पडले होते, ओले, आणि मध्ये तीच पोकळी. चारुदत्तनी एक तुकडा उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "लाकूड फुगतं अशा हवेत." अशा हवेत म्हणजे लूमध्ये! त्यानंतर ते पेटीपाशी फिरकले नाहीत. फोटो गेलाच होता, त्यांना पेटीची गरज उरली नव्हती.

धैर्यशील रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ताईला फोन करायचा. एके दिवशी त्या सुमारास सुनेत्रा पेटीवर वाकून पोकळीच्या कडा निरखत होती. तिच्या चेहऱ्याला गार हवा लागली. कूलर लांब होता. हवेला खाऱ्या चिखलाचा, वाळत घातलेल्या सुकटीचा वास होता. तिने पट्टी आत घातली. खणाचा तळ लागायला हवा होता, तो लागला नाही. पट्टी संपली, मनगट आत गेलं, आणि पेटी ज्या टेबलावर होती त्या टेबलाखाली काहीच बाहेर आलेलं नव्हतं, नुसती फरशी होती. तिने हात झटक्यात बाहेर काढला.

आतून लाटेचा आवाज येत होता. लाट फुटल्यावर खडे मागे ओढले जातात तो. आणि त्याच्या अलीकडे, स्पष्ट, ओळखीच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "ताई, आज इकडे सुरमई आहे, जळ तू."

मग तिचा फोन वाजला.

"ताई," धैर्यशील म्हणाला, "आज इकडे सुरमई आहे, जळ तू."

 "तळ हलवला का?" तिने कसंबसं विचारलं.

"कशाला? तुझ्याच अहवालात लिहिलंय ना, खडक एकसंध."

"ते मी लिहिलेलं नाही, धैर्या!"

"नाव तुझंच आहे गं." तो गोंधळला होता. "मी साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यानंतर ती रोज दुपारी ऐकू लागली. आधी पेटीतून, मग फोनमधून. पहिल्यांदा अंतर श्वासाएवढं होतं, मग वाक्याएवढं झालं, मग तिचा डबा खाऊन होईपर्यंतचं. तळावरच्या भांड्यांचा आवाज, जनरेटर, कुणाची तरी शिट्टी, धैर्यशीलचं ओरडणं. पुढे पुढे पेटीत आज भांडण ऐकू यायचं आणि धैर्यशील, आत्ताच झालं म्हणत, त्याची हकिगत दुसऱ्या दिवशी सांगायचा. तिने घरी उल्हासला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की माझ्या नावावर खोटं लिहिलंय आणि धैर्याचा जीव त्याच्यावर टांगलाय. उल्हास म्हणाला, वर्षभर थांब, मग दुसरी नोकरी बघू. हिमानीने मोबाइलमधून मान वर केली. "मम्मा, आप भी लिख के दे दो ना. अपने नाम से. सिंपल."

वर्षभर! सुनेत्राला झोप लागली नाही. कड्याखाली माणसं निजली होती, आणि इथे सगळ्यांना सबुरी सुचत होती.

एका दुपारी नीलम कैरी, तिच्या भाषेत अमिया, चिरून मीठ-तिखट लावून बसली होती. सुनेत्राचा हात बशीकडे गेला आणि थांबला.

पेटीत आधी नेहमीसारखी भांडी वाजत होती. मग एक दगड पडला. टणटण करत, एकटा. मग कुणीतरी वर बघून ओरडल्यासारखं वाटलं.

मग जे सुरू झालं ते थांबेना. गोदामाचे पत्रे थरथरले नाहीत, बशीतलं तिखट हललं नाही, सगळं त्या हातभर पोकळीतच कोसळत होतं. नीलमने दोन्ही कानांवर हात दाबले.

"मैडम, क्या गिरा? क्या गिरा?"

हळूहळू ते ओसरलं. शेवटी समुद्र उरला. भांडी नाहीत, जनरेटर नाही, माणूस नाही.

सुनेत्राने फोन लावला. "काय गं ताई, आज तूच?" धैर्यशील म्हणाला. मागे जनरेटर चालू होता. "इथे? काही नाही. जेवणं चाललीत."

"सगळ्यांना उठव. आत्ता. सामान राहू दे."

"ताई, कंत्राटदार साल काढेल माझी. लेखी दे काहीतरी."

तिने तिथेच उभ्याने मेल लिहिली. कंपनीच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने, चारुदत्तना, कंत्राटदाराला, महामार्गाच्या वरच्या कार्यालयाला, सगळ्यांना. आधीचा अहवाल माझा नाही. कडा असुरक्षित आहे. तळ ताबडतोब हलवावा. खाली तिने आपलं पूर्ण नाव टाकलं.

"पोचली," धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हलवतो. पण कुठे नेऊ एवढी माणसं?"

सुनेत्राने रॅककडे पाहिलं. खाडीपलीकडच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, जिथे पुलाचं दुसरं टोक टेकणार होतं, तिथल्या भोकाची पेटी वरच्या फळीवर होती. काठोकाठ भरलेले खण, एकही लाल ठोकळा नाही. असला देखणा कातळ तिने फार दिवसांत पाहिला नव्हता.

"खाडीपलीकडे, सड्यावर जा. तिथे हत्ती नाचवलेस तरी काही होणार नाही."

संध्याकाळपर्यंत माणसं हलली. त्याआधी चारुदत्तचा फोन येऊन गेला. ते किंचाळत होते. कोणाला विचारून, कोणाच्या अधिकाराने, उद्यापासून यायचं नाही. "बरं," सुनेत्रा म्हणाली. "कडा पडला की कळवा." आणि तिने फोन ठेवून दिला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी, भर उन्हात, पाऊस नाही, वारा नाही, काळखडपचा कडा खाली आला. रस्ता गेला, रिकाम्या खोल्या गेल्या, ठोकलेल्या जाळ्या समुद्रात जाऊन पडल्या. माणूस एकही गेला नाही. साधं खरचटलंही नाही कुणाला. धैर्यशील फोनवर रडत होता. "ताई, आमच्या चुली होत्या ना, तिथे आता समुद्र आहे गं." सुनेत्रा जानकीपुरमच्या आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडली. पोकळीत माणसांचा आवाज का थांबला, त्याचं उत्तर तिने स्वतःला देऊन टाकलं. माणसं तिथून उठून गेली होती, म्हणून थांबला.

आणि मग पेपरात आलं. चारुदत्तचा हसरा फोटो, खाली ओळ: कंपनीच्या वेळेवरच्या इशाऱ्यामुळे सगळे कामगार बचावले. आमच्या तज्ज्ञांनी आधीच ओळखलं होतं, असं ते म्हणाले होते. पूल आता नक्की होणार होता, आणि त्याचं कामही त्यांच्याच कंपनीला. आयत्या बिळावर नागोबा! दुपारी त्यांचा फोन आला, आवाजात साखर. "मॅडम, झालं गेलं विसरा. तुम्ही आमच्या स्टार आहात. जरा गोदामात या, टीव्हीवाले येताहेत. तो खण दाखवायचाय."

ती गेली. दोन खडे बोल तोंडावर सुनावायचे म्हणून गेली.

गोदामात दिवे लावले होते. चारुदत्त तिसऱ्या भोकाच्या पेटीवर वाकले होते आणि त्यांच्या हातात तो लाल ठोकळा होता. कॅमेरावाला कंटाळून भिंतीला टेकला होता.

"मॅडम, ही पोकळी कुठे गेली?"

खण भरलेला होता. दोन कांड्या एकमेकींना अशा भिडल्या होत्या की सांधा कुठे होता ते नखालाही लागत नव्हतं. मातीचा डागही नव्हता. सगळं कोरडं ठणठणीत.

"तुम्हीच भरला होता ना, सर?" सुनेत्रा म्हणाली. "सलग आहे. एकसंध."

चारुदत्तनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि छिन्नी मागवली. खोटं ठरवून बुजवलेली जागा ते आता खऱ्याच्या फोटोसाठी घाव घालून उघडू बघत होते. लाज कशाशी खातात हे या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. छिन्नीचे घाव पत्र्यावर घुमू लागले. सुनेत्राला तिथे थांबवेना. ती वळली आणि रॅकच्या बाजूने दाराकडे निघाली.

वाटेत तिला गार हवा लागली.

तिने नीलमला खूण केली. दोघींनी वरच्या फळीवरची सड्याची पेटी उतरवली आणि झाकण काढलं. काठोकाठ भरलेले खण. शेवटच्या खणात, दोन कांड्यांच्या मध्ये, बोटभर फट.

नीलमने दोन्ही कांड्या उचलून एकीचं टोक दुसरीला लावून पाहिलं. तुटलेल्या कडा जुळत नव्हत्या. त्या एकमेकींच्या कधी नव्हत्याच. "मैडम, ये तो साइट से ही जोड़ के भेजे हैं," ती म्हणाली. "ऑफिस को भरा डिब्बा पसंद है ना। ड्रिलर लोग जानते हैं।"

म्हणजे इथे ठोकळा असायला हवा होता. तो कुणी ठेवलाच नव्हता. सुनेत्राने भरलेला खण पाहिला होता आणि तिचा जीव सुखावला होता.

तिने कांड्या परत ठेवल्या. त्या ठेवताना भिडवल्या होत्या. बोट काढेपर्यंत फट पुन्हा पडली, आता दोन बोटांची.

तिने फोन लावला. धैर्यशीलने लगेच उचलला.

"बोल ताई!"

"धैर्या, तिथून उठा. सगळे उठा."

तो हसला. "आता परत? अगं, तूच म्हणालीस ना, हत्ती नाचव म्हणून. जेवू तर दे, भात वाढलाय पानात." मागे ताटं वाजत होती. कुणीतरी कुणाची तरी नक्कल करत होतं आणि सगळे खिदळत होते.

"धैर्या, ऐक माझं."

"ऐकतोय गं. बोल."

रॅकच्या पलीकडे छिन्नी थांबली होती. सुनेत्राने फोन तसाच कानाशी धरला आणि दुसरा कान पेटीजवळ नेला.

फोनमध्ये कुणीतरी मीठ मागत होतं. फटीत ताटं नव्हती, हसणं नव्हतं; लाट फुटत होती, खडे मागे ओढले जात होते, आणि पुन्हा लाट फुटत होती.